वरचे ग्रॅम

हरिओमच्या काही सवयी. हातात आलेली वस्तू तो आधी दोनदा हलकेच झेलतो. कलिंगड असो, पाहुण्यांची पिशवी असो, भावाचं पोरगं असो. मग वजन सांगतो, आणि ते बहुतेक बरोबर निघतं. पेन कानावर ठेवतो आणि खिशात शोधतो. सोयाबीनचा दाणा दाढेखाली फोडून, नुसत्या आवाजावरून त्यातली ओल सांगतो. पोती मोजताना पहिल्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन. आणि वजन पुकारताना नुसते किलो पुकारायचा.

ही शेवटची सवय त्याला सटवाजीनं लावली. हरिओम कामाला आहे त्या चाकूरच्या आडतीतला सटवाजी जुना मापाडी. पोत्यावरचे ग्रॅम म्हणजे धूळ, ती झटकायची असते, असं त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं. काट्यावर लाल आकड्यांत एकसष्ट किलो सातशे दिसत असले तरी हरिओमनं एकसष्ट म्हणायचं. लिहिणारा एकसष्ट लिहायचा. आठ वर्षं हेच चाललं. यात चोरी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. त्यातला एक दाणाही त्याच्या घरी येत नव्हता.

दिवाळीनंतर शिरूर अनंतपाळकडची साखराबाई नऊ पोती घेऊन आली. टेम्पोतून उतरली ती काट्यापाशीच उभी राहिली. दर पोत्याला वाकून आकडे बघायची. तिसऱ्या पोत्याला तिनं विचारलं, वरचे सातशे का म्हणला न्हाईस?

"मावशी, ते बारदानाचं," हरिओम म्हणाला. हमाल हसले.

बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, किलो आधीच वजा झाला होता. तिला ते ठाऊक होतं.

"तुझ्या घरचं असतं तर सोडलं असतंस का बाबा?"

त्यानं हमालांना खूण केली. चौथं पोतं पुकारलं. नुसते किलो.

त्यानंतर दीड महिन्यानं, चाकूरच्या घरात, त्याच्या बायकोनं, शिल्पानं, त्याला पाय दाखवले. तिला सातवा लागला होता. चप्पल पायात जात नव्हती. हरिओमनं अंगठ्यानं दाबून बघितलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोकंही जड वाटतंय, असं ती म्हणाली. तुरीचा हंगाम तोंडावर होता. उभं राहून होतं असं, थोडं असतंच, असं म्हणून तो निघून गेला.

पाचव्या दिवशी तिला नीट दिसेना. चाकूरहून लातूरला नेलं. बीपी इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी वाट बघितली नाही. तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली.

"एक किलो एकशेचाळीस," सिस्टर म्हणाल्या आणि कागद पुढं केला. हरिओमनं सही केली. मग परत विचारलं, "वरचे किती म्हणलात?"

"एकशेचाळीस ग्रॅम, दादा."

काचेच्या पेटीत ती निजली होती. नाकात नळी, पायाला वायर. टोपी तिच्या भुवयांपर्यंत येत होती. हरिओमनं खिडकीतून बघितलं आणि हात पाठीमागं बांधले.

दुसऱ्या दिवशी एक किलो नव्वद. तिसऱ्या दिवशी एक किलो साठ. चौथ्या दिवशी एक किलो पंचेचाळीस. डॉक्टरांनी समजावलं की पहिल्या आठवड्यात अशी बाळं उतरतात, मग चढतात. हरिओम मान हलवत होता. त्याला कानात फक्त साखराबाई ऐकू येत होती. घरचं होतं. ग्रॅमाग्रॅमानं कमी होत चाललं होतं.

शिल्पा खालच्या वॉर्डात होती. टाके ओले, बीपी उतरत नव्हतं. तिला वर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून मंजुश्री सिस्टरनी हरिओमला सांगितलं की बाळाला उघड्या छातीवर धरायचं, कातडीला कातडी लावून, रोज काही तास. आई नसेल तर बापानं. तो हात धुवायला गेला. कोपरापर्यंत साबण लावला, धुतला, परत लावला. बाहेर आला आणि म्हणाला, हाताला अजून बारदानाचा वास येतोय, उद्या बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला खोकला होता. तिसऱ्या दिवशी बनियन मळकी होती. सिस्टरनी तिन्ही वेळा त्याच्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

त्या दुपारी त्यानं शिल्पाला सगळं सांगितलं. साखराबाई, नऊ पोती, हसलेले हमाल. आपण लोकांचं वजन कापलं म्हणून आपल्या लेकराचं कापलं गेलं, म्हणाला. आपण हात लावला तर आणखी उतरंल.

शिल्पा छताकडं बघत ऐकत होती. तिची आई कोपऱ्यात संत्रं सोलत होती, ती थांबली.

"सोयाबीनचं राहू द्या," शिल्पा म्हणाली. "पाय म्या तुम्हाला दाखवले होते."

आवाज चढला नव्हता. हरिओम खाटेच्या कडेवर बसून राहिला. मग तीच म्हणाली, तपासणीची तारीख म्याबी चुकवली होती. घरी पाहुणे होते. तिनं कूस बदलायचा प्रयत्न केला. टाक्यांमुळं ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तो चाकूरला गेला. घरच्या कणगीतलं सोयाबीन एका पिशवीत भरलं आणि आडतीत नेलं. नऊ पोत्यांचे वरचे ग्रॅम धरून साधारण सहा किलो होत होते. ते त्याच काट्यावर मोजायचे होते, दुसऱ्या नव्हे. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून त्यानं आकडा शून्यावर आणला आणि ओंजळीनं भरायला लागला. सटवाजीनं विचारलं, हे कुणाचं? साखराबाईचं, तो म्हणाला. सटवाजी म्हणाला, पोरगी दवाखान्यात आणि तू इथं दाणे मोजून राहिलास? हरिओमनं मान वर केली नाही. शिल्पानं पाय दाखवले होते, ते मोजता येत नव्हतं. हे येत होतं.

फोन वाजला. शिल्पा होती.

"बाळ मधीच श्वास घ्यायचं विसरून राहिलंय. सिस्टर हलवत्यात तवा घेतंय. छातीशी धरायला माणूस पाहिजे म्हणत्यात. मला उठू देईनात. तुम्ही कुठं हाव?"

काट्यावर तीन किलो चारशे होते. त्यानं ओंजळ तिथंच सोडली. दाणे फरशीवर सांडले.

लातूरला पोचल्यावर त्यानं हात एकदाच धुतले. शर्ट काढला. मंजुश्री सिस्टरनी त्याला खुर्चीत मागं रेलवलं आणि बाळ छातीवर ठेवलं, वायरींसकट. वरून चादर घातली. त्याला झेलून बघायची सवय होती. हात हलले नाहीत. किती भरेल, हे आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगता आलं नसतं. काहीतरी ठेवलंय, इतकंच कळत होतं. ऊन ऊन होतं ते.

तिचं पोट वर आलं. लाभ, तो मनात म्हणाला. परत आलं. दोन. तीन. सतरानंतर ते थांबलं. यंत्र वाजायच्या आत त्यानं बोटानं तिची पाठ चोळली. अठरा.

तो चार तास बसला. रोज बसायला लागला. आठव्या दिवशी वीस ग्रॅम चढले तेव्हा खाली जाऊन शिल्पाला सांगितलं. ती म्हणाली, वीसच? मग रडली. पायांविषयी दोघं परत बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. तिच्या पायात चप्पल सरकवून देताना तो मात्र अंगठ्यानं एकदा दाबून बघतो.

मुलगी एक किलो आठशेची होऊन घरी आली. हरिओम आता ग्रॅमसुद्धा पुकारतो. लिहिणारा अजून नुसते किलोच लिहितो.

काटा अडला म्हणून सटवाजीनं त्या दिवशी ती पिशवी उचलून खिळ्याला अडकवली होती. ती तिथंच आहे. खडूनं साखराबाईचं नाव लिहिलंय, हरिओमच्याच अक्षरात. दोन किलो सहाशे अजून भरायचे आहेत. शिरूरची गाडी रोज आडतीवरून जाते. हरिओम गाडीकडं बघतो, मग पिशवीकडं. पिशवीचं तोंड अजून बांधलेलं नाही.