बारा मिनिटांचं काम

मला आवाजाचा त्रास होत नाही, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. लहानपण सुरतेतल्या लिंबायतच्या एका खोलीत गेलं आणि भिंतीपलीकडे लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना होता. माग चालू असले की फळीवरचा पेला आपोआप सरकत काठापर्यंत यायचा आणि येता-जाता कुणीतरी त्याला परत मागे ढकलायचं. त्या खडखडाटात मी पाढे पाठ केले, ताप काढले, दुपारच्या झोपा काढल्या. वीज गेली आणि माग थांबले की उलट दचकून जाग यायची. बाबा त्याच खात्यात लूमवर होते, आई बॉबिन भरायला जायची. आवाज म्हणजे काम चालू आणि शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, एवढं सरळ गणित होतं. घरात कुणी कुणाला ‘आवाज कमी करा’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

हा तोरा उतरला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. सांगताना अजून लाज वाटते, पण न सांगता ती कमी झालेली नाही, तेव्हा सांगून बघतो.

बाबा गेले तेव्हा आम्ही पर्वत पाटियाला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर. हॉलच्या खिडकीशी आईची मोटरवाली शिवणाची मशीन. ती साड्यांना फॉल-पिको करायची. बिल्डिंगमधल्या गुजराती, मारवाडी बायका साड्या घेऊन यायच्या, तिला माशी म्हणजे मावशी म्हणायच्या, खुर्चीवर बसून तासभर गप्पा मारायच्या. आईचा सगळा गोतावळा म्हणजे ती खिडकी. समोरच्या भिंतीशी माझं टेबल, त्यावर स्क्रीन आणि पायाशी कॉम्प्युटरचा काळा डबा. मी कापडावरच्या छपाईची डिझाइनं करतो. आधी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये जायचो. मग पुण्याच्या एका कंपनीचं घरून करायचं काम मिळालं. सहा महिने बघू, मग कायम करू, असं त्यांनी सांगितलं होतं. रोज दोनदा कॉल असायचा. स्क्रीनवर डिझाइन दाखवायचं, रंग बदलायचे, बोलत राहायचं.

दुसऱ्याच आठवड्यात पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, “अहो, तुमच्या मागे कसला आवाज येतोय? शेजारी पिठाची गिरणी आहे का?”

बाकीचे हसले. मीही हसलो. कान मात्र तापले. मी मान वर करून बघितलं, तर समोर आई मशीनवर वाकलेली आणि सुईखालून जांभळी साडी सरकत चाललेली. चोर सापडला, असं मला त्या क्षणी वाटलं. दुसरं काही असू शकतं हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

खरं सांगायचं तर आईची मशीन आवाज करते हे मॅडमना सांगायचीच मला लाज वाटली. फॉल-पिको करणारी आई, ती पण त्याच खोलीत! म्हणून मी ठोकून दिलं, “शेजारच्या फ्लॅटचं काम चाललंय, मॅडम. फरशी बसवतायत.” ती फरशी पुढे पाच महिने बसत होती. एकदा एक सहकारी म्हणाला, “शेजारी राजवाडा बांधतात की काय?” तेव्हाही मी हसलो.

कॉल संपल्यावर आईला आमच्या अहिराणीत म्हटलं, “मना कॉल राहस तवय मशीन बंद ठेवत जाय.”

“कसाले?” ती म्हणाली. “मनी मशीन काय करस तुले?”

“आवाज येस तठे. लोके हसतस.”

लोक हसतात म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. “बरं बापू. तुनं काम व्हऊ दे.”

कॉलच्या वेळा काही ठरल्याप्रमाणे पाळल्या जात नसत. अकराचा कॉल साडेबाराला संपायचा, चारचा साडेतीनलाच सुरू व्हायचा. मी नुसता हात वर करायचो आणि आई पायडलवरून पाय उचलायची. बसल्या जागी, अर्धी साडी सुईखाली, मांडीवर हात ठेवून. कधी कधी तास-तास. एवढं करूनही मॅडमचं “तो आवाज आहेच हो” यायचं आणि मी आईकडे डोळे वटारून बघायचो. ती हात वर करून दाखवायची, बघ, बंद आहे. ते दोन उघडे तळवे मला दिसत होते आणि तरीही मी तिच्यावरच चिडत होतो. मला वाटायचं, चालवली असेल मधेच एकदा, नाही म्हणते आता.

मार्च संपता संपता मी तिला मशीनसकट बाहेर काढली. बाहेर म्हणजे दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर. मशीनसाठी आतून वायर ओढून दिली, तिच्यासाठी स्टूल ठेवलं, आणि आपण फार सोय केली असं मला वाटलं. तिथे एक छोटीशी जाळीची खिडकी आहे, तीही पाण्याच्या पाइपांनी अडवलेली. सुरतेच्या एप्रिलमध्ये दुपारी तिथे उभं राहून बघावं. लिफ्टची वाट बघणारे लोक बघायचे, पोरं मशीनच्या चाकाला हात लावून पळायची. एका दुपारी चौथ्या मजल्यावरच्या बाईचा आवाज मला आतून ऐकू आला.

“माशी, घरमां जग्या नथी?”

“अहीं पवन सारो आवे छे,” आई म्हणाली.

इथे वारा छान येतो! मी ते ऐकलं, समजलं, आणि उठून दार नीट लावून घेतलं, कारण माझा कॉल सुरू होणार होता. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त कुठे तोंड लपवावंसं वाटत असेल तर ते इथे. बाकी सगळं चुकून झालं म्हणता येईल. दार मी चुकून लावलं नव्हतं.

त्यानंतर काही दिवस पुण्याहून तक्रार आली नाही आणि मला वाटलं, सुटला प्रश्न. आता कळतं, लोक एकदा सांगतात, दोनदा सांगतात, मग सवय करून घेतात. पण मे महिन्यात मॅडमनी सांगितलं की नव्या कपड्यांची डिझाइनं मोठ्या ग्राहकासमोर मीच दाखवायची. ते झालं की माझं कायम करायचं बघू. “फक्त तो आवाज तेवढा बंद करा बाई एकदाचा,” असंही म्हणाल्या. मी आईला सांगितलं. तिने हातातल्या चार साड्या पूर्ण केल्या, देऊन टाकल्या, मशीनला तेल दिलं, जुन्या चादरीत गुंडाळली आणि आम्ही दोघांनी ती दिवाणाखाली सरकवली. नव्या साड्या घेऊन आलेल्या बायकांना तिने शेजारच्या विंगमधल्या बाईकडे पाठवलं. मग तिच्या भाचीचं लग्न निघालं आणि ती अमळनेरला गेली.

ग्राहकासमोर दाखवायच्या आधी कंपनीतल्या लोकांसमोर एकदा रंगीत तालीम होती. मी खिडक्या बंद केल्या. छताचा पंखासुद्धा बंद केला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. घरात मी एकटा. दुसऱ्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, “आजही आहेच हो गिरणी.”

मी दिवाणाकडे बघितलं. चादरीचं एक टोक बाहेर आलं होतं.

कॉल संपल्यावर मी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं, हेडफोन लावले आणि ऐकलं. माझ्या प्रत्येक शब्दामागे घर्रर्र, मी गप्प बसलो तरी घर्रर्र, एकसारखी. हेडफोन काढले आणि खाली वाकून डब्याजवळ कान नेला. तीच. चार पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि माझा माइक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. पहिल्या दिवसापासून ते तसेच फिरत होते. मला ते ऐकूच आले नव्हते. मागाच्या भिंतीशी वाढलेला माझा कान. एकसारखा चालणारा आवाज त्याला आवाज वाटतच नाही. त्याला टोचते ती थांबून थांबून चालणारी आईची मशीन. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसा मी घातला नव्हता, आईला घालायला लावला होता.

डब्याचं झाकण काढलं. हा कॉम्प्युटर मी कडोदऱ्याच्या एका डिझाइनच्या ऑफिसमधून जुना घेतला होता. तिथे डोक्यावर पत्रा. उन्हाळ्यात आत भट्टी, म्हणून कुणीतरी पंखे कायमचे पूर्ण वेगावर लावून ठेवले होते. पात्यांवर कापडाची रुई नमद्यासारखी बसली होती. ती ब्रशने काढली. मग कॉम्प्युटर सुरू होताना कीबोर्डवरचं एक बटण दाबून सेटिंगच्या पानावर गेलो. तिथे सगळं लिहिलेलंच होतं: कुठला पंखा, किती फेरे, किती गरम झालं की किती वेगाने फिरायचं. ‘फुल स्पीड’ काढून मी वेग तापमानाप्रमाणे ठेवला. मागचा पंखा सगळ्यात जास्त ओरडत होता, तो निम्म्यावर आणला. पुढचा एक फार हळू केला तर टिकटिक करायला लागला, म्हणून त्याला थोडा वर नेला. प्रोसेसरवरच्या पंख्याला मात्र मोकळीक ठेवली. काम वाढलं की त्याने जोरात फिरावं. झालं. घड्याळ बघितलं, झाकण काढल्यापासून बारा मिनिटं.

नंतर सगळ्यात जड फाइल उघडून तासभर चालू ठेवली आणि तापमान बघत बसलो. चार-पाच अंशांनी वाढलं आणि थांबलं, काळजीचं काहीच नाही. पुन्हा रेकॉर्ड करून ऐकलं. माझा आवाज, मागे खालच्या भाजीवाल्याची आरोळी, बस. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या डब्याला एक लाथ घातली, आणि पायाच्या अंगठ्याला लागलं ते बरंच झालं.

ग्राहकासमोरचं काम चांगलं झालं. “फरशी बसली वाटतं शेजारची,” मॅडम म्हणाल्या. मी हो म्हणालो.

आई आली ती लाडवांचा डबा घेऊन. मी मनात जुळवून ठेवलं होतं की सरळ सांगायचं: आई, चूक माझी होती. तोंडातून निघालं ते असं, “कंपनीनी नवा माइक दिना. आते मशीन लाव परत.” माइक जुनाच टेबलावर होता, तिच्या समोर. आम्ही मशीन बाहेर ओढली, खिडकीशी लावली. तिने चादरीची घडी घातली, मशीनवर फडकं फिरवलं. पण शिवायला काही नव्हतं. बायकांना आता शेजारच्या विंगची सवय झाली होती. दोन दिवस ती नुसती खिडकीशी बसून राहिली. माझीच एक जुनी पँट घेऊन तिची शिवण पक्की करत बसली.

तिसऱ्या दिवशी ती केर काढत माझ्या टेबलाखाली आली आणि थांबली. डब्यावर तळवा ठेवून तशीच उकिडवी बसून राहिली. बाबाही मागाच्या मोटरवर असाच हात ठेवायचे.

“याना आवाज नही येस आते,” ती घाबरून म्हणाली. “बिघडी गयं का काय?”

मी म्हटलं, बिघडलं नाही, पंखे हळू केलेत. आणि मग विचारल्याशिवाय राहवेना. “तुले याना आवाज येत व्हता?”

“येत व्हता म्हंजे? जिनावर बठी राहू, मनी मशीन बंद, तरी दारमाईन याना आवाज येत व्हता. माले पह्यलापासून माहीत व्हतं.”

“मंग सांगं का नही माले?”

तिला प्रश्नच विचित्र वाटला. केरसुणी खाली ठेवून तिने मला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. “घरमा दोन मशीन. तुनी बंद करता येत नव्हती. मंग मनी करी.”

पायडल नसलेली मशीन मागासारखी एक तर चालते नाहीतर बंद असते, एवढंच त्या बाईला आयुष्यभर माहीत. तीही चालता चालता हळू करता येते, आणि ते तिच्या पोराला येत होतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने डब्यावरचा हात काढला नाही.

“कितला टाइम लागना, इतला आवाज कमी कराले?” तिने विचारलं.

तिच्या तोंडाकडे बघत मला बारा मिनिटं म्हणता आलं नाही.

“दोन दिन लागनात,” मी म्हटलं.

“भलतं कठीण काम व्हतं मंग,” आई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून माझ्यासाठी चहा टाकायला उठली.