जावेच्या मृत्यूची चौकशी

माझी धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. ती दहिसरला जावेच्या आईकडेच होती. त्यांना मी काकू म्हणते. बाळाला आमच्याकडे बोरिवलीला कधी आणायचं, ते सासूबाईंनी ठरवलं नव्हतं.

एक दिवस महापालिकेच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई घरी आल्या. जावेच्या आधारकार्डावर आमचा पत्ता होता. बाळंतपणात बाई गेली की ते कळवावंच लागतं आणि घरच्यांना भेटून काय झालं ते विचारावंच लागतं, सरकारचा तसा नियम आहे, असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना वाटलं, आता पोलीस येणार. ती सातव्या महिन्यापासून माहेरी होती, आम्हाला काय ठाऊक, तिकडेच विचारा, असं त्यांनी सांगितलं. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "घर दाखवायला तू जा. तुला कुठे बोलता येतं. विहीणबाई आपल्याबद्दल काय सांगतात, तेवढं ऐकून ये."

काकूंच्या खोलीत साडीची झोळी बांधली होती. बाळ झोपलं होतं. काकूंनी आधी चहा टाकला. मग त्या एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेल्या. सकाळी कळा आल्या, लगेच प्रसूतिगृहात नेलं. दुपारी तिथल्या डॉक्टरांनी सिझर करावं लागेल म्हणून सांगितलं. सिझर झालं ते दिवे लागल्यावर. नंतर रक्त थांबेना. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, पण वाटेतच गेली.

"दुपारपासून दिवे लागेपर्यंत वेळ का गेला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकूंनी झोळीला झोका दिला. "मीच सही करत नव्हते. घाबरले होते."

हे खरं नव्हतं. त्या दुपारी मी आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. मुलगी तुमची, तुम्हाला विचारल्याशिवाय सही कशी करू, असं काकू म्हणत होत्या. माझे दीर कामावर होते, फोन उचलत नव्हते. "आमच्यात कुणाचं पोट फाडलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जरा कळ काढू दे तिला." काकूंचा पुन्हा फोन आला, तेव्हाही तेच.

आता काकू माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई दुखावल्या तर बाळ जाईल आणि परत बघायलाही मिळणार नाही, ही भीती मला कळत होती. मी चहा प्यायले.

जिना उतरल्यावर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, यात नावं जातात का. नाही, त्या म्हणाल्या, गेलेल्या बाईचंही पुढे जात नाही. दोष कुणाला द्यायचा नसतो, पुढच्या बाईला उशीर होऊ नये म्हणून विचारायचं. मग मी फोनचं सगळं सांगितलं.

"वर का नाही बोललात?"

"बाळ काकूंकडे राहायला हवं."

त्यांनी तिथेच उभ्याने काकूंचं वाक्य खोडलं आणि नवं लिहून मला वाचून दाखवलं: सिझरला सासरचा होकार मिळेपर्यंत वेळ गेला.

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय म्हणाल्या गं?"

"त्यांनीच सही केली नाही म्हणाल्या. घाबरल्या होत्या."

सासूबाई खाटेवर बसल्या. मी भाताला पाणी ठेवलं.

"पोर रडत होती का?"

"नाही. काकूंकडे रमलीये."

"राहू दे मग तिकडेच," त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.