मुलीची फाईल कुणी उघडली

मुलगी सहावीत असताना तिला पहिली फिट आली. आम्ही बहरीनला, गुदैबिया भागात राहायचो. समोरच्या फ्लॅटमधली बाई आमच्याच साताऱ्याकडची, मी तिला ताई म्हणायचे. ती मनामातल्या एका क्लिनिकमध्ये रेकॉर्ड सांभाळायची. मेंदूचा चांगला डॉक्टर तिथेच होता, म्हणून ताईच्या सुट्टीचा दिवस बघून मुलीला नेलं. कुणाला काही बोललो नाही.

पंधरा दिवसांत मुलीच्या मैत्रिणीची आई म्हणाली, "तिला आमच्याकडे राहायला नको पाठवूस. तसलं काही झालं तर आम्ही काय करायचं?" शाळेच्या व्हॅनमध्येही मुलीशेजारी कुणी बसेना. "मम्मा, एव्हरीबडी नोज," म्हणत ती रडली.

ताईला विचारलं, तर म्हणाली, "अगं, काळजीपोटी बोलले."

मी तिला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या मॅनेजरकडे लेखी तक्रार केली. मी स्वतः ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. कुठली फाईल कुणी, कधी उघडली, याची नोंद राहते हे मला ठाऊक होतं. मॅनेजर हिंदीत म्हणाला, "देखेंगे, इंशाल्ला."

"देखेंगे नहीं, तारीख बताइए," मी म्हटलं. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा कायदा मी छापूनच नेला होता.

नोंद निघाली. ताईने फाईल चार वेळा उघडली होती, काही काम नसताना. तिथली माझी जुनी फाईलसुद्धा उघडली होती. लेखी ताकीद पुरे का, असं मॅनेजरने विचारलं. मी नाही म्हटलं.

ताईची नोकरी गेली, म्हणजे व्हिसाही जाणार. ताई दारात येऊन रडली. "तक्रार मागे घे गं. माझ्या पोरींचं वर्ष बुडेल."

"माझी पोरही शाळेतच जाते, ताई," म्हणून मी दार लावलं.

महिन्याभराने त्यांच्या बॅगा टॅक्सीत चढताना मी गॅलरीतून शेवटची बॅग जाईपर्यंत बघत उभी होते. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हे माझ्या तक्रारीमुळे झालं, हे मुलीला कळलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताईच्या धाकटीशी तिची गट्टी होती, हे मला माहीत होतं. तक्रार लिहितानाही माहीत होतं. तरी पुन्हा वेळ आली, तर मी तेच करीन.