पावलामागून वाजणारं डफडं

नांदुऱ्याच्या त्या कार्यक्रमात सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पाच मान्यवरांची विशेषणं वाचून माझा घसा बसला. त्यांच्या सत्कारातून उरलेल्या वेळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांच्या संचाचा नाच सुरू झाला.

डफडं वाजवणारा त्यांच्यातलाच, चाळिशीचा, शर्टाच्या गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तो पायांकडे बघून वाजवायचा. सगळ्यात सावकाश नाचणाऱ्या बाईचं पाऊल टेकलं, की मगच थाप.

हा संथ ठेका प्रमुख पाहुण्यांना कसा रुचावा? दयेचा उमाळा येऊन ते भराभर टाळ्या पिटू लागले. सभागृहही मेंढरांसारखं त्यांच्यामागे लागलं. ती बाई बावरून जागीच थिजली. महिनाभराची तालीम मातीत जाणार!

डफडेवाल्यानं हात थांबवला.

"साहेब, तुम्ही काऊन घाई करून राह्यले? नाचून त आमी राह्यलो!"

साहेबांचे हात हवेतच राहिले. पाच मान्यवर एका पावलाची वाट बघत गप्प बसले; इतक्या वर्षांच्या सूत्रसंचालनात मला हे कधी जमलं नव्हतं. बाईनं पाऊल उचललं, मजेत झुलवलं आणि सवडीनं टेकवलं.

मग थाप पडली.