ढोल चाळीस पावलांवर

माझा पहिलाच रुग्ण मी टेबलाखाली घातला. खरं सांगायचं तर त्यानंच मला घातलं.

कुर्दिस्तानातल्या रानिया गावच्या दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसायचो. लढाईतून घरी आलेल्या, पण मनानं अजून तिकडेच अडकलेल्या पेशमर्गा सैनिकांवर उपचार करायला गावातलीच माणसं तयार करायचं ठरलं, तेव्हा नर्स, मास्तर अशा नऊ जणांत माझीही वर्णी लागली. शिकवायला सुलेमानिया शहरातून गेलासबाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिडी शिकवली: माणूस ज्याला घाबरतो त्याच्या पायऱ्या पाडायच्या आणि खालून एकेक चढायची, त्याच्या मर्जीनं. मी वहीत चित्रही छान काढलं होतं.

माझ्या वाट्याला आले खिदरकाका. मोसूलच्या लढाईपासून त्यांना ढोल सोसत नव्हता. ठोका पडला की तोफगोळाच. सहा वर्षांत ते एकाही लग्नाला गेले नव्हते. लोक त्यांच्या वाटचा भात घरी पोचवायचे. आता मात्र पोटच्या पोरीचं, त्रिफाचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

शिडीची सगळ्यात खालची पायरी होती ढोलाचा फोटो बघणं. मला वाटलं, फोटोत कशाला वेळ घालवायचा? माझा चुलतभाऊ दियार ढोल वाजवतो. काकांना न सांगता त्यालाच खोलीत आणून उभा केला. दियारनं टिपरू हाणलं मात्र, माझी कॉलर काकांच्या मुठीत, मी टेबलाखाली, आणि काका माझ्यावर पालथे, मला झाकून.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, "पोरा, लागलं नाही ना तुला?"

गेलासबाई म्हणाल्या, "शाब्बास! रुग्णानं उपचार करणाऱ्याला वाचवलं. जा, माफी माग. परत आले तर तुझं नशीब."

गेलो. काका मधमाश्यांच्या पेट्या उघडून बसले होते, तोंडावर जाळीसुद्धा नाही. मी लांबूनच माफी मागितली.

"माशी डसायच्या आधी गुणगुणते तरी," काका म्हणाले. "तू तेवढंही केलं नाहीस."

"चुकलंच, काका. याल ना परत?"

"येतो. पण पावलं मी मोजणार."

मग कालव्याकाठच्या मैदानात आमचं काम सुरू झालं. दियार चाळीस पावलांवर. ठोका पडला की काकांनी पळायचं नाही, भीती उतरेपर्यंत उभं राहायचं आणि ती शंभरात किती, ते मला सांगायचं.

"नव्वद."

"आता?"

"नव्वदच. सारखं विचारू नकोस, वाढते!"

तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी कान टवकारून ऐकलं. मग म्हणाले, "साठ. आणि हा गाढव बेताल वाजवतोय."

मला इतका आनंद झाला, की दियारला मी तालात वाजव म्हणून सांगायलाच विसरलो.

पण दहा पावलांवर गाडी अडली. त्रिफा म्हणाली, "बाबा, ढोल राहू दे. नुसता कीबोर्ड ठेवू."

काका भडकले. "म्हणजे लोकांनी मयतीसारखं फातिहा वाचून घरी जायचं? लग्न आहे तुझं!"

लग्न दुकान नावाच्या धरणाच्या तळ्याकाठी, भर दुपारी. नाचाची रांग धरली तेव्हा काका शेपटाला, माझ्या करंगळीत करंगळी अडकवून. "सत्तर," ते पुटपुटले. रांग वळली, ढोल जवळ आला, आणि करंगळी सुटली. काका मोटारींच्या मागे जाऊन कानांवर हात ठेवून उभे. मी मागोमाग गेलो. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ओढलं नाही, समजावलं नाही, नुसता शेजारी उभा राहिलो. पुढे त्रिफा रुमाल हलवत नाचत होती. नजर मात्र आमच्याकडे.

दोन गाणी गेली. काकांनी कमरेचा पट्टा आवळला आणि चालू लागले. शेपटाकडे नाही, थेट पोरीकडे. तिचा हात धरला. चार पावलं नाचले आणि दियारवर ओरडले, "अरे, जवळ ये की! तिकडे लांब काय पाखरं हाकतोयस?"

"काका, किती?" मी रांगेतून ओरडलो.

"वेळ नाही मोजायला!"

आता पंचाईत माझी आहे. उपचाराच्या शेवटच्या आठवड्यात रोज भीती किती वाटली, त्याचा कागद रुग्णानं भरून द्यायचा असतो; त्याशिवाय गेलासबाई मला प्रमाणपत्र देत नाहीत. पण काका दर शुक्रवारी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात असतात.

"देणं लागतो रे तुझं," ते घाम पुसत म्हणतात. "पुढच्या शुक्रवारी नक्की."

तीन शुक्रवार झाले.