ढोलीतली चोच

लग्नघरातून पळ काढणं सोपं नसतं. धाकट्या बहिणीचं लग्न पाच दिवसांवर आलेलं, बोळिंजच्या आमच्या वाडीत मांडवाचे खांब पुरायला माणसं आलेली, आणि मी सायकलला कॅमेऱ्याची तिकाटणी (तीन पायांची घोडी) बांधत होतो. आईने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ह्याच्या पायाला भिंगरी आहे, हे ती मी रांगत होतो तेव्हापासून सांगत आली आहे. हळदीच्या आदल्या संध्याकाळी परत येतो, असं तिला कबूल करून मी सुटलो.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्या केळींच्या शेंड्यांवरून पूर्वेला तुंगारचा डोंगर दिसतो. तो मी लहानपणापासून कागदावर काढत आलो, पण आमच्या घरातलं कोणी तिथे कधी चढलं नाही. पानवेलीला पाणी देणं सोडून डोंगरावर काय करायचं, असं वडील विचारत. यंदा मात्र एका मित्राचा जुना कॅमेरा मिळाला, त्याच्या काचेच्या सहा प्लेटा मिळाल्या, आणि सुट्टी लागल्यापासून मला घरात चैन पडेना.

माणिकपूरला चर्चची घंटा वाजत होती. तिथे पाव घेतले. सुकेळी (सोलून उन्हात वाळवलेली केळी) घरचीच होती. पुढचा रस्ता खडबडीत. दर शंभर पावलांवर उतरून प्लेटा फुटल्या नाहीत ना, ते पाहत होतो. सातिवलीला पोचलो तेव्हा भातखाचरं उन्हाने भेगाळली होती. ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओटीवर पथारी टाकली. त्यानेच लाडक्याची गाठ घालून दिली. लाडक्या म्हणजे पन्नाशीचा वारली. डोंगरात मध काढून पोट भरणारा, बोलायला अगदी कंजूष.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही चढायला लागलो. मी दर वळणावर थांबे, तिकाटणी उभी करी, पुन्हा मिटवी. माथ्यावरून खाडी, मिठागरं आणि त्यापलीकडे आमच्या वाड्यांचा हिरवा पट्टा दिसला. आपलं घर इतकं लहान दिसतं हे पाहून मला उगाच भरून आलं. चार प्लेटा तिथेच संपल्या.

उतरताना लाडक्याने मला एका जुन्या झाडासमोरच्या दरडीवर बसवलं. समोर ढोली होती. तिचं तोंड चिखलाने लिंपून बंद केलेलं, मध्ये फक्त बोटभर फट, आणि त्या फटीत एका चोचीचं टोक. धनेश पक्ष्याची मादी अंड्यांवर बसते तेव्हा स्वतःला अशी कोंडून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं दाणापाणी सगळं नराच्या चोचीवर. तासाभराने नर आला, घशातून एकेक उंबर काढून फटीत देऊ लागला. मी पाचवी प्लेट घेतली. आयुष्यात असा फोटो पुन्हा मिळणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

हे पोटात ठेवायला हवं होतं. पण संध्याकाळी सातिवलीच्या दुकानात चहा पिताना मी सगळी हकिकत रंगवून सांगितली. बाकावर एक परका माणूस गुडघे चोळत बसला होता. झाड नेमकं कुठे, असं त्याने विचारलं. मी पडलो चित्रकलेचा मास्तर; पुडीच्या कागदावर ओढा, दरड, झाड असा नकाशाच काढून दिला. चांगला जमला होता तो.

तिसऱ्या दिवशी आम्ही दरडीवर बसलो, पण नर आला नाही. ऊन चढलं. फटीतली चोच आत-बाहेर होत होती. मी उठे, फेऱ्या मारी, पुन्हा बसे. लाडक्या खालच्या उंबराखाली जाऊन आला. त्याच्या मुठीत करड्या रंगाची पिसं होती.

"कोनाला सांगितलास?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. धनेशाची चरबी गुडघेदुखीवर चोळतात, हे मला त्याच्याकडून तेव्हा कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाडक्या रागावला नाही, हे जास्त लागलं. त्याने एक लांब बांबू तोडला, टोक चिरलं, चिरेत उंबर अडकवलं आणि बांबू माझ्या हातात दिला.

"तू सांगितलास, तूच तिला चार," तो म्हणाला. "आन हलू नको. हललास की ती भितं."

मी शेजारच्या झाडावर चढलो. बांबू फटीपाशी नेला की चोच आत जाई. मुंग्या चावत होत्या, पाय बधिर झाले होते. शाळेत पाच मिनिटं खुर्चीत न टिकणारा मी त्या फांदीवर दुपार टळेपर्यंत दगडासारखा बसलो. कॅमेरा खाली उभा होता, एक प्लेट शिल्लक होती, पण बांबू माझ्याच हातात होता. शेवटी चोच बाहेर आली आणि उंबर ओढून घेतलं. मग दुसरं. मी फांदीवरच रडलो.

चौथ्या दिवशीही दुपारपर्यंत चारलं. मग निघावं लागलं. लाडक्याने माझ्या हातातला बांबू घेतला. लग्नात माझं चित्त नव्हतं. अक्षता टाकतानासुद्धा डोळे पूर्वेकडे. वऱ्हाडी म्हणाले, बहीण सासरी निघाली म्हणून भावाचा जीव तुटतोय. मी त्यांना तसंच समजू दिलं.

महिना गेला. पुन्हा सातिवलीला जायला माझे पाय धजेनात. भिंगरीच गळून पडली म्हणा. एका दुपारी लाडक्या फोटोवाल्या मास्तराचं घर विचारत आमच्या अंगणात आला. आईने त्याला पाणी दिलं. त्याने कमरेची पळसाच्या पानाची पुडी सोडली. आत वाळल्या चिखलाची खपली होती, ढोलीच्या तोंडावरची.

"फोडून भायेर आली," तो म्हणाला. "पिल्लू येकच. पन उडला."

ती खपली माझ्या टेबलावर आहे, वरती भिंतीवर नराचा तो फोटो. येणारा-जाणारा फोटो पाहतो, वाहवा करतो आणि ही जागा कुठली म्हणून विचारतो. मी डोंगरातली म्हणतो, आणि हातातली पेन्सिल खाली ठेवतो.