ठाणे ते डोंबिवली, न आलेल्या कार्डाच्या मागावर

अनघाचा फोन आला तेव्हा मी खंडेनवमीच्या पूजेसाठी विळी घासत होते. अनघा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, शेखरची बायको.

"वन्सं, आजच या. हे बंद मॉनिटरसमोर बसून असतात. उद्या दसरा, आणि काम तसंच पडलंय."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. शेखर डोंबिवलीत घरीच बिल्डरांसाठी कॉम्प्युटरवर फिल्म बनवायचा. इमारत अजून बांधलेली नसायची, पण बघणाऱ्याला तिच्यातून फिरून आल्यासारखं वाटायचं. ठाण्यातल्या बाळकुमच्या एका बिल्डरला दसऱ्याच्या बुकिंगसाठी अशी फिल्म हवी होती. ती वेळेत गेली नसती तर शेखरचं हे काम सुटलं असतं आणि पुढचीही. पण त्याने मशीनमधलं व्हिडिओ कार्डच विकलं होतं. का, तर नव्या पिढीचं कार्ड येतंय, मग जुन्याला कोण विचारणार? कार्डाशिवाय पडद्यावर काहीही उमटत नाही, ही अक्कल या धंद्यातल्या सगळ्यांना होती, तरी सगळ्यांनी तेच केलं होतं.

मी ठरवलं, जाता जाता जुनं का होईना, एक कार्ड घेऊनच जायचं.

पहिलं दुकान ठाण्यातलंच, घराजवळचं. आत ओळीने कॉम्प्युटरची आडवी कॅबिनेटं, झाकणं काढलेली, झेंडूच्या माळा घातलेली. मी वाकून पाहिलं. प्रत्येकाच्या आत, कार्डाच्या रिकाम्या खाचेवर, हळदकुंकू लावलेली एकेक सुपारी.

"हे काय?"

"कार्डाची जागा आहे ना ती, मॅडम," दुकानदार म्हणाला. "देवाची मूर्ती नसली की आपण सुपारी मांडतो, तसंच."

"तुम्ही पाहिलंय ते नवीन कार्ड?"

"मी नाही. कल्याणच्या दुकानदाराने पाहिलंय. त्यातलं पाणी ओलं दिसतं." हे त्याने आवाज खाली आणून सांगितलं. जुनी कार्डं खणात भरलेली होती, पण विकायला तो तयार होईना. "उद्या नवीन आलं की शिव्या मलाच पडतील."

ठाण्याच्या खोपट डेपोतून कल्याणची एसटी धरली. आज कोणी या वाटेने जाणार असेल तर भिवंडीमार्गे दुपारी जाऊ नये. गोदामांच्या ट्रकांमागे जीव जातो. तेव्हा रस्ता मोकळा होता, खिडकी मिळाली. डेपोच्या कँटीनमधली मिसळ तिखट पण ताजी होती. त्या दिवशी बसही माळा घालून सजवलेली होती आणि कंडक्टरने तिकिटाबरोबर पेढा दिला.

कल्याणला बाजारात त्याने सांगितलेलं दुकान सापडलं. तिथेही उघडी मशीनं, तिथेही सुपाऱ्या. गिऱ्हाईकं चार-पाच होती, पण काही घेत नव्हती. नुसती उभी. मालक वयस्कर होते. मी घासाघीस न करता पैसे ठेवले तेव्हा त्यांनी एक जुनं कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

"घाई करताय, बाई. त्यातलं पाणी ओलं दिसतं."

तेच शब्द. तसाच खाली आलेला आवाज.

"तुम्ही पाहिलंत?"

"ठाकुर्लीच्या एका गृहस्थांनी पाहिलंय. जाऊन विचारा."

ठाकुर्ली वाटेवरच. शेखरला समजवायचं तर ज्याने पाहिलंय त्याला आधी गाठावं, म्हणून रिक्षा केली. दुपारचे चार वाजत होते. त्या घराबाहेर चपलांची रांग होती, सत्यनारायणाला असते तशी. दाराशी फुलं विकणारी एक आगरी म्हातारी बसली होती.

"कसली पूजा आहे, आजी?"

"पूजा नाय गो बाय. रोज बसतान. काल्या काचंकडं बघतान."

आत सतरंजीवर दहा-बारा पुरुष बसले होते. समोर बंद मॉनिटर. बाजूला ते गृहस्थ, डोळे मिटून, हळू आवाजात बोलत होते. "आता जिना उतरू. सावकाश. शेवटच्या पायरीवर पाणी आलंय."

आणि सतरंजीवरच्या सगळ्यांनी पाय जवळ ओढून घेतले. एकाच वेळी. मी दारात उभी होते. माझाही पाय मागे गेला.

मी जोरात विचारलं, "हे तुम्ही पाहिलंय का?"

गृहस्थांनी डोळे उघडले. चेहरा साधा, भला माणूस. "मी कुठे? डोंबिवलीच्या शेखरने पाहिलंय. त्याने सांगितलं तसं सांगतो."

डोंबिवलीत अनघाने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. शेखर खुर्चीत होता. मॉनिटर काळा, शेजारी उघडं मशीन, आत सुपारी.

"शेखर, ते कार्ड तू पाहिलंस?"

"मी? नाही गं ताई. मला ठाण्याच्या दुकानदाराने सांगितलं."

ठाण्याने कल्याणचं नाव घेतलं, कल्याणने ठाकुर्लीचं, ठाकुर्लीने माझ्या भावाचं, आणि भावाने ठाण्याचं. कोणीच काही पाहिलेलं नव्हतं. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो हसला.

"मग सगळ्यांना जिना एकसारखाच कसा दिसतो?"

मी वर्तमानपत्र सोडवलं. आत कार्ड होतं. मी सुपारीकडे हात नेला तसा तो उठला. "मांडलेली सुपारी अशी उचलतात का?"

"नाही उचलत. अनघा, अक्षता आण."

मी रीतसर उत्तरपूजा केली. अक्षता वाहिल्या, नमस्कार केला, सुपारी जरा सरकवली आणि मग उचलली. रीत पाळलेली पाहून त्याने कार्ड बसवलं. पडदा उजळला. करड्या भिंती, अडखळत सरकणाऱ्या.

"मेलेलं वाटतंय गं."

"वाटू दे. बाळकुमला हेच हवंय. बस कामाला."

मी निघेपर्यंत तो काम करत होता. फिल्म वेळेवर गेली, बुकिंग झालं, पुढची कामंही आली. काही महिन्यांनी नवीन कार्ड खरंच आलं. शेखरने आणलं, बसवलं, आणि पाणी ओलं दिसतं का ते सांगायला कोणाला फोन केला नाही.

हा प्रवास एका दिवसाचा. खर्च फार नाही, भिवंडीची दुपार तेवढी टाळा. तशीच वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. भावाचं घर चाललं पाहिजे. पण मागे एकदा मी त्याला सहज विचारलं, तो जिना अजून दिसतो का रे?

"नाही," तो म्हणाला. "डोळे मिटले की आता काहीच दिसत नाही."

"झोप लागते ना?"

"लागते की," शेखर अगदी मजेत म्हणाला. "तू सुपारी उचललीस त्या दिवसापासून एकही स्वप्न पडलेलं नाही."